महाद्वारीची समाधी : संत चोखामेळा

पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या महाद्वारी, नामदेव पायरीसमोर, संत चोखामेळा यांची समाधी आहे. वारकरी तेथे माथा टेकवून मगच पुढे जातो.

चोखोबा मंगळवेढ्याचे. महार जातीत जन्मले म्हणून देवळाचे दार त्यांना बंद होते. हाताला गावकीची कामे व मुखी विठ्ठलनाम, असे त्यांचे आयुष्य गेले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका व पुत्र कर्ममेळा या साऱ्यांनीही अभंग रचले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या, असे नामदेवांनी ओळखले व पंढरीस आणून येथे समाधी दिली, अशी आख्यायिका आहे.

तरीही पुढे सहाशे वर्षे दार बंदच राहिले. १९४७ साली साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केले, तेव्हा ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडले.

देऊळ उभारताना दगड वाहणारे हात आणि दान देणारे हात देवाला सारखेच. त्यांपैकी कोणीही पायरीशी अडू नये, एवढेच चोखोबांच्या चरणी मागणे.