सात नंबरचा हिरवा

समजा, रविवारी सकाळी तुम्ही चांदणी चौकातून निघालात. भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, पिरंगुट करत कासार आंबोलीच्या बाजूला एखाद्या पॉटरी वर्कशॉपला पोचलात. मागच्या खेपेला तुम्ही केलेला वाकडातिकडा मग एकदा भाजून तयार आहे. आज त्याला रंग चढवायचा. समोर तीन बादल्या, त्यांवर चिठ्ठ्या : हिरवा, निळा, मधाळ. तुम्ही मोठ्या उत्साहाने झाकणं उघडता, आणि आत काय? हिरव्याच्या बादलीत राखाडी पाणी, निळ्याच्या बादलीत जांभळट, मधाळच्या बादलीत विटकरी. सगळं दाट ताकासारखं.

घाबरू नका. बादल्यांची अदलाबदल झालेली नाही. ग्लेझ म्हणजे, आपल्या भाषेत झिलई, हा मुळात रंग नसतोच. ती असते वितळायची वाट बघणारी काच. वाळूतला सिलिका, तो लवकर वितळावा म्हणून घातलेले क्षार, वितळल्यावर ओघळून जाऊ नये म्हणून थोडी माती आणि चिमूटभर धातू. तांबं असेल तर हिरवा, कोबाल्ट असेल तर निळा, लोखंड असेल तर मधाळ ते तपकिरी. घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवा, तिची चमकही काचेचीच. पण भट्टी उघडेपर्यंत रंग दिसत नाही. म्हणूनच बादल्यांच्या वर भिंतीवर छोट्या छोट्या टाइल्स टांगलेल्या असतात, प्रत्येकीच्या मागे एक नंबर कोरलेला. विश्वास बादलीवर नाही, टाइलवर ठेवायचा.

नंबर टाकून तुकडे भाजायची ही सवय एका माणसाने इतकी टोकाला नेली, की तिच्या जोरावर त्याने एक अख्खा उद्योग उभा केला. त्याचं नाव तुम्ही कपबशीच्या बुडाशी वाचलं असेल : जोसाया वेजवुड. आज ब्रँड म्हणून माहीत असलेला हा माणूस एकेकाळी चाकावर बसू न शकणारा कुंभाराचा पोरगा होता.

गुडघा

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम गावात १७३० साली जोसायाचा जन्म झाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम. भावंडांत हा शेंडेफळ. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि थोड्याच दिवसांत शाळाही सुटली. मोठा भाऊ थॉमस कारखाना चालवायचा, त्याच्याच हाताखाली कामाला लागणं ओघाने आलं.

त्याच सुमारास गावात देवीची साथ आली. जोसाया वाचला, पण आजार उजव्या गुडघ्यात घर करून बसला. आता विचार करा, त्या काळातलं कुंभाराचं चाक पायाने चालायचं. हात कितीही चांगला असला, तरी गुडघा साथ देत नसेल तर दिवसभर चाक फिरवणार कसं? चौदाव्या वर्षी भावाकडे रीतसर उमेदवारी सुरू झाली, पाच वर्षांचा करार झाला. पण दिवसभर चाकावर बसून नावाजलेला कारागीर व्हायचा रस्ता त्याच्यासाठी जवळपास बंद होता.

करार संपल्यावर भावाने त्याला भागीदारीत घ्यायला नकार दिला. या पोराच्या डोक्यातले नवे नवे उद्योग त्याला परवडणारे वाटले नसावेत. तुमच्या घरी कुणी ‘हे प्रयोग पुरेत, आता नोकरी बघ’ असं म्हटलं असेल, तर ही जागा तुम्हाला ओळखीची वाटेल.

वही

१७५४ मध्ये जोसाया थॉमस व्हील्डन नावाच्या नामांकित कुंभाराचा भागीदार झाला. व्हील्डनची खासियत म्हणजे कासवाच्या पाठीसारखी ठिपक्याठिपक्यांची, रंग एकमेकांत मिसळलेली झिलई. दिसायला सुंदर, पण पुढचं भांडं कसं निघेल ते भट्टीच्या मनावर. त्यात बाजार पडलेला. नेहमीच्या पांढऱ्या भांड्यांचे भाव इतके उतरले होते, की लोक काम नीट करायच्याही फंदात पडत नव्हते.

अशा वेळी आपण काय करतो? तक्रार करतो किंवा भाव आणखी पाडतो. जोसायाने १३ फेब्रुवारी १७५९ रोजी एक वही उघडली. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. इकडे पानिपतला अजून दोन वर्षं होती.

त्या वहीची गंमत तिच्या शिस्तीत आहे. प्रत्येक प्रयोगाला नंबर. काय मिसळलं, किती मिसळलं. भाजायला कुठल्या भट्टीत ठेवलं, आणि भट्टीत वर की खाली, कारण एकाच भट्टीत वरची आणि खालची आच सारखी नसते. निघालं कसं, हेही लिहिलेलं. तोच नंबर मातीच्या तुकड्यावर. शेजारच्या कारखान्याने चोरू नये म्हणून पदार्थांची नावं सांकेतिक खुणांत.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, सात नंबरला, त्याला हवा तो हिरवा सापडला. सातव्याच फटक्यात जमलं असं समजू नका. नंबर टाकून लिहायला लागण्याआधी किती तुकडे वाया गेले होते ते त्यालाच ठाऊक. पण त्याने काय शोधलं ते नीट बघा. त्याला नुसता सुंदर रंग नको होता. भांड्यावर सगळीकडे सारखा दिसणारा, कारखान्यातल्या नेहमीच्याच भट्टीत, बाकीच्या मालाबरोबर भाजून निघणारा रंग हवा होता. म्हणजे ज्यासाठी वेगळी भट्टी नको, वेगळा उस्ताद नको, आणि जो आज निघाला तसाच उद्याही निघेल. आज नवशिक्यांच्या हातात देतात ती झिलई याच जातीची असते. सरळ बुडवा, तीन मोजून बाहेर काढा, भाजा. रंग दगा देत नाही.

या हिरव्यात रंग कशाचा? तांब्याचा. गावाच्या नावात ‘कासार’ असलेल्या भागात हे वेगळं सांगायला नको. कासार म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम करणारा. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, हे आजी सांगायची ना? तोच हा धातू, फक्त इथे काचेत अडकलेला.

त्याच वर्षी जोसायाने बर्स्लेममध्ये नात्यातल्यांकडून एक छोटी जागा भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. मग फुलकोबीच्या आकाराच्या चहाच्या किटल्या निघाल्या. वरचा गड्डा पांढरट, खालची पानं त्या सात नंबरच्या हिरव्यात. अननसाच्याही निघाल्या, पिवळ्या आणि हिरव्या. बाजारात त्यांनी धमाल उडवली.

खरी अक्कल पुढे दिसते. काही वर्षांतच लोक या रंगांना कंटाळले आणि जोसायाने गोदामातला रंगीत माल काढून टाकला. ज्या हिरव्याने नाव दिलं, त्याच्या प्रेमात तो अडकून बसला नाही. वही तीच, शोध नवा : साय-रंगाचं, हलकं, रोजच्या जेवणाचं भांडं. १७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या सेटची ऑर्डर आली आणि त्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ म्हणायची परवानगीही मिळाली. आजच्या भाषेत, इन्फ्लुएन्सर मार्केटिंग.

या सगळ्यात एक नाव हमखास गळतं. १७६४ मध्ये त्याचं लग्न नात्यातल्याच सारा वेजवुडशी झालं. ती त्याच्या खुणांची भाषा शिकली आणि प्रयोगांत बरोबरीने मदत करायची. ते गुपित घरात दोघांना वाचता येत होतं.

पाय

गुडघा मात्र आयुष्यभर आडवा येत राहिला. १७६२ मध्ये लिव्हरपूलच्या वाटेवर तोच पाय दुखावला आणि जोसाया तिथे अंथरुणाला खिळला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सोबतीला एका व्यापाऱ्याची ओळख करून दिली, थॉमस बेंटलीची. ती मैत्री जन्मभराची ठरली. पुढे दोघे भागीदार झाले.

२८ मे १७६८ रोजी तो पाय कापावा लागला. भूल देण्याचा शोध लागायला अजून सत्तरेक वर्षं होती. म्हणजे शस्त्रक्रिया पूर्ण शुद्धीत. पुढच्याच वर्षी, १३ जून १७६९ ला, ‘एट्रुरिया’ नावाचा त्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि पहिल्या दिवशी तो स्वतः चाकावर बसला. तेव्हा चाक फिरवायचं काम बेंटलीने केलं. सदोष भांडी तो आपल्या लाकडी पायाने फोडायचा, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, कामगारांना त्याचा धाक किती होता ते त्यातून कळतं.

एट्रुरियात त्याने झिलईशिवायच मातीत रंग मुरवायचा ध्यास घेतला. त्यातून निघाली ‘जॅस्पर’, आकाशी पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी असलेली, आज वेजवुड म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी ती भांडी. त्यासाठी हजारो चाचण्या झाल्या. नंबर टाकलेले ते तुकडे आजही इंग्लंडमध्ये बार्लस्टनच्या वेजवुड संग्रहात जपून ठेवलेले आहेत. विचार करा, संग्रहालयात फेल गेलेले प्रयोग मांडलेत!

आच मोजायची कशाने?

एक अडचण उरली होती. भट्टीची आच किती, हे कारागीर ज्वाळेचा रंग बघून ठरवायचे. लाल, केशरी, पिवळट. अंदाज चुकला की माल गेला. एवढ्या आचेला साधा थर्मामीटर टिकत नाही. जोसायाच्या लक्षात आलं की माती भाजताना आकसते आणि आच जितकी जास्त तितकी जास्त आकसते. मग त्याने सारख्या मापाचे मातीचे छोटे तुकडे केले. भट्टीतून काढलेला तुकडा निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकवायचा. जितका आत जाईल, तितकी आच.

हे उपकरण त्याने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि पुढच्या वर्षी तिथे फेलो म्हणून निवडला गेला. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा! त्याने काढलेले अंश नंतर खूपच जास्त ठरले. पण काल आणि आज आच सारखी आहे का, एवढं तरी कळायला लागलं. आजही भट्टीत मातीचे छोटे शंकू ठेवतात, ठरावीक आचेला ते वाकतात. तीच कल्पना, सुधारलेली.

दोन हिशेब

आता नावडती बाजूही बघू. जोसायाच्या झिलईत शिसं होतं. शिशामुळे झिलई कमी आचेत वितळते, छान चमकते. पण रोज त्यात हात बुडवणाऱ्या कामगारांना शिशाची विषबाधा व्हायची. त्या काळी सगळेच ते वापरत, हे खरं. पण हा आजार कुंभारगावांना ठाऊक होता, हेही तितकंच खरं. कायद्याने त्याला आळा घालायला पुढे शंभरहून अधिक वर्षं गेली. वहीत झिलईचा प्रत्येक कण मोजला गेला, बुडवणाऱ्या हातांचा हिशेब मात्र तितक्या काटेकोरपणे कुणी ठेवला नाही.

दुसरा हिशेब त्याच्या बाजूने जातो. १७८७ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध एक छोटं पदक काढलं. त्यावर बेड्यांत गुडघे टेकून बसलेला एक आफ्रिकी माणूस. ती पदकं त्याने विकली नाहीत, वाटली. लोक ती दागिन्यांत, डब्यांवर बसवून मिरवू लागले आणि एक राजकीय मागणी घराघरांत पोचली. त्याचा माल ज्या लिव्हरपूल बंदरातून परदेशी जायचा, ते गुलामांच्या व्यापाराचंही मोठं बंदर होतं. म्हणजे हे धाडस फुकटचं नव्हतं.

३ जानेवारी १७९५ रोजी जोसाया गेला, त्याच वर्षी इकडे खर्ड्याची लढाई झाली. त्याच्या मुलीचा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन. निरीक्षण करा, लिहा, मगच बोला, ही सवय घरातच होती म्हणायची.

बर्स्लेम ते क्रॉफर्ड मार्केट

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटतंय? जोसायाच्या स्मरणार्थ बर्स्लेममध्ये ‘वेजवुड इन्स्टिट्यूट’ नावाची इमारत उभी राहिली. तिच्या दर्शनी भागाची सजावट आखणाऱ्यांत एक तरुण होता, जॉन लॉकवुड किपलिंग. १८६५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या प्रवेशदारांवरची शिल्पं त्याचीच. रुडयार्ड किपलिंग हा त्याचा मुलगा. पुढे १८७० च्या दशकात याच जे. जे. मध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने सिंधच्या झिलईची परंपरा घेऊन रंगीत भांडी घडली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात, तर ती जरूर बघा.

आणि आता परत आपल्या बादल्यांकडे. मगच्या बुडाला झिलई लावू नका, नाहीतर तो भट्टीच्या फळीला चिकटेल. कोरडी पूड हाताळायची असेल तर मास्क लावा. झिलई शिसं नसलेली आहे का, हे विचारायला लाजू नका. तांब्याचा हिरवा शक्यतो बाहेरून लावा, आतून साधी पारदर्शक झिलई. आंबट पदार्थात तांबं उतरू शकतं, आजीने सांगितलेलंच कारण.

आणि मग भाजायला द्यायच्या आधी मातीचा एक छोटा तुकडाही त्याच झिलईत बुडवा. मागे नंबर घाला. कुठली बादली, किती वेळ बुडवलं, भट्टीत कुठे ठेवलं, ते वहीत लिहा, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलंत तरी चालेल. पुढच्या रविवारी भट्टी उघडेल आणि मगचा रंग कदाचित मनासारखा नसेल. तरी तो तुकडा फेकू नका. तो तुमचा एक नंबर आहे. सातपर्यंत जायला अजून सहा बाकी आहेत.