बदलत्या शिवाराचा साक्षीदार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचा ग्रामीण भाग झपाट्याने बदलत होता. रेल्वे गावोगावी पोहोचली होती, नदीकाठी कारखान्यांची धुरांडी उभी राहत होती आणि तरुण मंडळी पॅरिसची वाट धरत होती. हे स्थित्यंतर संयमाने टिपणारा दृक्प्रत्ययवादी चित्रकार म्हणजे कामीय पिसारो.

१० जुलै १८३० रोजी वेस्ट इंडीजमधील तत्कालीन डॅनिश अमलाखालील सेंट थॉमस बेटावर, एका ज्यू व्यापारी कुटुंबात त्याचा जन्म झाला. दुकानातील हिशेबात त्याचे मन रमले नाही. १८५५ मध्ये तो पॅरिसला आला. आईच्या घरी कामाला असलेल्या ज्युली व्हेले या ग्रामीण तरुणीशी त्याने घरच्यांचा विरोध पत्करून संसार मांडला.

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने लंडनमध्ये आश्रय घेतला. इकडे लुव्हसिएनमधील त्याच्या घराचा ताबा प्रशियन सैनिकांनी घेतला आणि आधीच्या अनेक वर्षांच्या कामातील बहुतेक चित्रे नष्ट झाली. परतल्यावर पाँत्वाज येथे त्याने नव्याने प्रारंभ केला. गोठलेल्या शेतातून मोळी वाहणारा शेतकरी जसा त्याने रंगवला, तशीच वाझ नदीकाठची धुरांडीही रंगवली. एकाला देवत्व दिले नाही की दुसऱ्याला राक्षस ठरवले नाही.

१८७४ ते १८८६ या काळात दृक्प्रत्ययवाद्यांची आठ प्रदर्शने भरली. त्या सर्वांत सहभागी झालेला तो एकमेव चित्रकार. समीक्षकांनी टिंगल केली, चित्रे विकली जात नव्हती, घरात खाणारी तोंडे वाढत होती. तरीही सेझान आणि गोगँ यांना त्याने हातचे न राखता मार्गदर्शन केले.

१८८४ मध्ये तो एरान्यी या खेड्यात स्थिरावला. अराजकवादी विचारांच्या पिसारोला श्रमाची प्रतिष्ठा मोलाची वाटे. सफरचंदे तोडणाऱ्या, गवत गोळा करणाऱ्या स्त्रिया त्याच्या चित्रांत केंद्रस्थानी आल्या. पन्नाशी उलटल्यावरही तरुण सराची बिंदुवादी शैली आत्मसात करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही; ती आपल्या संवेदनांना जखडते, हे उमगताच त्याने ती सोडलीही.

१८९२च्या प्रदर्शनाने अखेर यश दिले. मात्र ड्रेफस प्रकरणात देगासारखा जुना स्नेही ज्यूद्वेषापायी दुरावला. डोळ्यांच्या विकारामुळे उघड्यावर काम करणे अवघड झाले, तेव्हा खिडकीआडून त्याने पॅरिस आणि रुआँची वर्दळ रंगवली. १३ नोव्हेंबर १९०३ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. ज्या कष्टकऱ्यांची दखल इतिहासाने क्वचितच घेतली, त्यांचा दिवस त्याच्या चित्रांत आजही उजाडतो आहे.