सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६, मुंबई – २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ व निसर्गसंरक्षक होते. संग्रहालयातील कातड्यांवरून पक्ष्यांच्या जाती ठरविणे हेच पक्षिशास्त्राचे प्रमुख कार्य मानले जात असताना, त्यांनी जिवंत पक्ष्याच्या दीर्घ निरीक्षणाला भारतात शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या या कार्याचा प्रारंभ रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील किहीम येथे झाला. भारतातील पक्षिस्थलांतराच्या पद्धतशीर अभ्यासाची उभारणीही त्यांच्या नेतृत्वाखाली झाली.

प्रारंभिक जीवन

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. आई-वडिलांचे छत्र अगदी लहानपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी गिरगावनजीकच्या खेतवाडीत त्यांचा सांभाळ केला. बालपणी हवाई बंदुकीने टिपलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेले. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना तेथील संग्रह दाखविला. तेथूनच त्यांना पक्ष्यांची ओढ लागली.

पुढे कौटुंबिक व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले; १९१७ मध्ये परतल्यावर मुंबईत त्यांनी वाणिज्य व प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

जर्मनी व हेलिगोलँड

१९२८ मध्ये रजा घेऊन सलीम अली बर्लिनला गेले आणि तेथील विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. याच काळात उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रात त्यांना पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा अनुभव मिळाला. स्थलांतराच्या हंगामात या लहानशा बेटावर असंख्य पक्षी विसाव्याला उतरतात. नरसाळ्याच्या आकाराच्या मोठ्या जाळीत त्यांना पकडून, क्रमांक कोरलेली धातूची हलकी कडी पायात घालून पुन्हा सोडले जाई. तोच पक्षी अन्यत्र सापडला की त्याच्या प्रवासाची दिशा व अंतर यांचा निश्चित पुरावा हाती येई.

किहीम व सुगरणीचा अभ्यास

१९३० मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे संग्रहालयातील पद रद्द झाले होते. नोकरी गेल्यामुळे ते पत्नीसह किहीम येथे राहू लागले. किहीम हे अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव होय. त्याच्या पूर्वेस धरमतर खाडीपलीकडे पेण तालुका, तर आग्नेयेस कुंडलिका नदीच्या खोऱ्यात रोहा तालुका आहे. खाड्या, खाजणे व भातखाचरे यांच्या या पट्ट्यात हिवाळी पाहुणे असलेले तुतवार व चिखल्या हे पक्षी वसंतात उत्तरेकडे परततात; पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या वसाहती गजबजतात.

किहीमच्या घराजवळील अशाच एका वसाहतीचे सलीम अली यांनी आडोशाला बसून अनेक महिने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी त्याची पाहणी करून ते पसंत करते, त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि मादी अंडी उबवू लागली की दुसऱ्या घरट्याच्या कामास लागतो, असे त्यांना आढळले. नर एकाच हंगामात क्रमाने अनेक माद्यांशी जोडी जमवतो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. त्यावरील निबंध १९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विनावेतन सर्वेक्षणे

यानंतर सलीम अली यांनी संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण विनावेतन करण्याची तयारी दर्शविली. केवळ मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च संस्थानांनी करावयाचा होता. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन इत्यादी संस्थानांत त्यांनी काम केले. या भटकंतीत तेहमिना यांची त्यांना साथ होती. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एस. डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

पक्षिस्थलांतर प्रकल्प

कर्नाटकातील क्यासनूर वनज्वराचा विषाणू रशियातील एका विषाणूशी साम्य दाखवीत होता. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत तो येत असावा काय, हे तपासण्याच्या निमित्ताने १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बीएनएचएसचा पक्षिस्थलांतर प्रकल्प सुरू झाला. हेलिगोलँडवर पाहिलेली कडी घालण्याची पद्धत येथे मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. भरतपूर व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पॉइंट कॅलिमेर ही त्याची महत्त्वाची केंद्रे होत. भरतपूरला कडी घातलेली बदके तत्कालीन सोव्हिएत संघात सापडल्याने त्यांचे मार्ग स्पष्ट झाले. पुढे प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी संबंधित यंत्रणेकडून अर्थसाहाय्य मिळाल्याने त्याच्या हेतूविषयी संशय घेतला गेला व सार्वजनिक टीकाही झाली. तरीही पकडलेल्या पक्ष्यांच्या नोंदींतून जमा झालेली माहिती भारतातील स्थलांतर-अभ्यासाचा आधार ठरली.

सन्मान व वारसा

सलीम अली यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान मिळाले; १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. भरतपूरचे पक्षी अभयारण्य व केरळमधील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९९० मध्ये कोइम्बतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र व निसर्ग-अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, पक्षी सप्ताह पाळला जातो.