वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ - ८ एप्रिल, १९५३) हे महाराष्ट्रातील उद्योजक होते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन
त्यांचा जन्म सोलापूर येथे गुजरातमधून येऊन स्थायिक झालेल्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरच्या व्यापारात न रमता त्यांनी लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत आणि १९४० मध्ये बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

मोटार उद्योग
भारतात मोटारी बनविण्यासाठी वालचंद यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. ब्रिटिश सरकारने युद्धकाळात या योजनेला साहाय्य नाकारल्यामुळे ती रखडली. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. परदेशी सुटे भाग केवळ जोडत न राहता ते येथेच तयार व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता.

गिअरची रचना
त्या काळातील अमेरिकी मोटारींमध्ये गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. त्यामुळे पायांजवळची जागा मोकळी राहून पुढच्या सलग आसनावर तिघांना बसता येई. मात्र दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत हालचाल पोहोचविणाऱ्या सळ्या व सांधे झिजले, की दांडा सैल पडून गिअर नेमका बसत नसे. क्रायस्लरच्या प्लिमथ, डॉज या मोटारींसोबत ही रचना कुर्ल्यात आली. १९५४ पासून बनू लागलेल्या फियाट ११०० मोटारीतही तीच रचना होती. तिला पुढे जाण्याचे चार गिअर होते.

अखेरचा काळ व वारसा
पक्षाघातामुळे वालचंद १९५० मध्ये निवृत्त झाले व १९५३ मध्ये गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाने, देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांनी काम थांबवावे, अशी शिफारस केली. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी भारतातील जुळणी बंद केली. प्रीमियर मात्र टिकून राहिली.

फियाट ११००चे पुढील रूप १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे स्टिअरिंगजवळचा गिअर चालकांच्या अनेक पिढ्यांच्या हातात बसला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये जमिनीवरचा दांडा होता. त्यानंतर हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि वालचंद यांच्या कंपनीची ही मोटार मुंबईच्या टॅक्सी सेवेतून बाहेर पडली.