शाळेच्या वेळापत्रकात व्यायाम आणणारा राजा

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील तालुके संत्र्यांच्या बागांसाठी आणि घरोघरी बोलल्या जाणाऱ्या मराठीसाठी ओळखले जातात. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. त्या राज्यातील शाळांत १२ जानेवारीला, विवेकानंद जयंतीनिमित्त, सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. सूर्यनमस्कार शाळेच्या पटांगणावर यावेत यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अग्रभागी नाव येते ते सातारा परिसरातील एका छोट्या संस्थानच्या अधिपतींचे. ते म्हणजे औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. १८९७ च्या सुमारास ते युजीन सँडो या जगप्रसिद्ध बलोपासकाच्या व्यायामपद्धतीकडे वळले. साधने आणवून सुमारे दशकभर त्यांनी ती निष्ठेने केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून त्यांनी सूर्यनमस्कारांचा नेम धरला. या व्यायामाला साधन लागत नाही, खर्च येत नाही आणि अंगापुरती जागा पुरते. जे राजवाड्यात शक्य आहे, तेच झोपडीतही शक्य आहे, हे त्यांना उमगले.

१९०९ मध्ये ते गादीवर आले आणि वैयक्तिक नेमाचे रूपांतर राज्याच्या धोरणात झाले. संस्थानातील शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार नित्याचे झाले. व्यायाम हा सवडीचा विषय न राहता अभ्यासाइतकाच आवश्यक ठरला. राजा स्वतः रोज नमस्कार घालतो, हे प्रजेला ठाऊक होते. त्यामुळे आज्ञेला आचरणाचे बळ मिळाले. १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या या राजाचा उत्साह पाहून लुईझ मॉर्गन या पत्रकार महिला प्रभावित झाल्या. त्यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले.

बाळासाहेब चित्रकार होते, कीर्तनकार होते. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत एक धक्कादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोरियन युद्धात मरण पावलेल्या, सरासरी बावीस वर्षे वयाच्या सैनिकांच्या शवविच्छेदनात सुमारे ७७ टक्क्यांच्या हृदयरोहिण्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. १९७३ मध्ये लुइझियानातील बोगालुसा गावात मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. लठ्ठपणा, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील मेद यांमुळे रोहिण्यांच्या आतील अस्तरावर चरबीचे पट्टे बालपणापासूनच पडू लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्या वयात दुखत काहीच नाही, म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातील ३९ कोटींहून अधिक मुले अतिवजनाची होती. त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ होती.

सूर्यनमस्काराने सर्व व्याधी दूर होतात, हा बाळासाहेबांचा विश्वास आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाही. लठ्ठपणाला आहार, झोप आणि पडद्यासमोर जाणारे तासही कारणीभूत असतात. परंतु मुलांच्या शरीराची काळजी केवळ घरावर न सोपवता ती शाळेच्या रोजच्या वेळापत्रकात बसवावी, हा त्यांचा आग्रह काळाच्या कसोटीला उतरला आहे. शालेय वयातील मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी शारीरिक हालचाल करावी, असे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मग गोव्यातील शाळा असो वा सौंसरमधील, वर्षातून एका सकाळी घातलेल्या नमस्कारांनी रोहिण्या निरोगी राहत नाहीत. औंधच्या राजाने नेम धरला होता, तो रोजचा.