मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याचा अनुकृतिकार

प्रास्ताविक

ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे रॉबर्ट गिल आणि पारो ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली आहेत. काव्यातील गिल हा प्रामुख्याने प्रियकर आहे. इतिहासातील गिल यांनी मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे दुसऱ्यांनी रंगविलेली चित्रे तैलरंगात उतरवून घेण्यात वेचली. काव्यातील व्यक्तिरेखा आणि चरित्रातील व्यक्ती यांमधील अंतर लक्षात यावे, यासाठी येथे त्यांच्या या कार्याचा विचार केला आहे.

नेमणूक आणि कार्य

गिल यांचा जन्म १८०४ मध्ये झाला. ते मद्रासच्या लष्करात अधिकारी होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली आणि ती युरोपीयांना ज्ञात झाली. भित्तिचित्रांची झीज होत असल्याने त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, असा आग्रह जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने धरला. त्यानुसार १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे काम गिल यांच्याकडे सोपविले. अजिंठा गावी मुक्काम करून त्यांनी ते अनेक वर्षे चालविले. पारो ही तेथील स्थानिक स्त्री त्यांची सहचारिणी होती. १८५६ मध्ये तिचे निधन झाले. तिची समाधी अजिंठा गावात आहे.

अनुकृतीतील अडचण

जुन्या चित्राची नक्कल करीत तैलरंग शिकणे ही त्या काळी युरोपात रूढ असलेली पद्धत होती. स्वच्छंदतावादी चित्रकार देलाक्रवा यानेही रूबेन्सच्या चित्रांच्या नकला करून रंगाचे मर्म जाणून घेतले. एका दिशेने येणारा प्रकाश, गडद छाया आणि नाट्यपूर्ण प्रसंग ही त्या चित्रपरंपरेची परिचित साधने होत. अजिंठ्यातही नाट्य आहे. सतराव्या लेण्यातील सिंहलाच्या कथेत हत्ती, घोडे, नौका आणि योद्धे यांची दाटी आहे. मात्र तेथे आकार घडतो तो मुख्यतः रेषेतून. शिवाय ही चित्रे कोरड्या गिलाव्यावर खनिज रंगांनी काढलेली आहेत. जवसाच्या तेलात कालविलेल्या रंगाची चकाकी त्यांना नाही. त्यामुळे गिल यांच्यापुढील काम एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेण्यासारखे होते. त्यातच आतील दालनांत उजेड अपुरा आणि भिंतीवरील कित्येक आकृती अर्धवट पुसलेल्या.

आगीत गेलेले कार्य

इंग्लंडला पाठविलेल्या गिल यांच्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. डिसेंबर १८६६ मधील आगीत ती भस्मसात झाली. अन्यत्र असलेली मोजकीच वाचली. दरम्यान गिल छायाचित्रणाकडेही वळले होते. त्यांच्या छायाचित्रांचा समावेश असलेली फर्ग्युसन यांची पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. १८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. भुसावळ येथे त्यांची कबर आहे.

परंपरा आणि मूल्यमापन

१८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने केले. त्यांतील अनेक अनुकृतीही १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. पण भिंतीसमोर बसून त्या विद्यार्थ्यांच्या हाताने जे आत्मसात केले, ते जळणारे नव्हते. या कार्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर वार्निश लावले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि मूळ चित्रांनाच बाधक ठरले. अनुकृतीमुळे मूळ कृतीकडे बारकाईने पाहण्याची शिस्त येते. ती मूळ कृतीची जागा घेऊ शकत नाही. चित्रे जपण्यासाठी केलेले गिल यांचे काम स्वतःच नष्ट झाले, तरीही त्यांचे चरित्र अभ्यसनीय ठरते ते या शिस्तीमुळे.

स्वाध्याय

१. गिल यांच्यापुढील अनुकृतीच्या अडचणी स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. 'अजिंठा' या काव्यातील गिल आणि चरित्रातील गिल यांची तुलना करा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या वास्तूचे, उदाहरणार्थ थळच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या उंदेरी किल्ल्याचे, चित्र मिळवा. ते प्रत्यक्ष दृश्याशी ताडून पाहा आणि चित्रात काय उतरले, काय निसटले, याविषयी दहा ओळी लिहा.