एर्न्स्ट आबे : भिंगाला शिस्त लावणारा गणिती

एर्न्स्ट आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. वडील सूतगिरणीत दिवसाला चौदा ते सोळा तास राबत. वडिलांच्या मालकाने मदत केल्याने मुलाचे शिक्षण झाले आणि पुढे आबे येना येथील विद्यापीठात शिकवू लागले.

१८६६ मध्ये सूक्ष्मदर्शक बनवणारे कार्ल झाइस त्यांच्याकडे आले. तेव्हा भिंगे कारागिराच्या अंदाजाने जुळवली जात. त्यामुळे एकाच कारखान्यातील दोन सूक्ष्मदर्शकांतून एकच पेशी वेगळी दिसे. भिंगे गणिताने बनवण्याचा आबे यांचा पहिला प्रयत्न फसला. जुन्या भिंगांतूनच अधिक स्पष्ट दिसे. कारण शोधताना त्यांच्या लक्षात आले, की भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते यावर बारकावे दिसणे अवलंबून असते. हा सिद्धांत त्यांनी १८७३ मध्ये मांडला. ती क्षमता सांगणारा आकडा म्हणजे 'न्यूमेरिकल अपर्चर'. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तोही आबे यांनी सुधारलेल्या उपकरणांच्या मदतीने.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आबे यांच्या हयातीत तयार झाला नव्हता. त्यात रंगवलेली पेशी एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाने चमकते. थुंकीतील क्षयजंतू आज असेही शोधतात. येथे तो आकडा फार महत्त्वाचा ठरतो. बहुतेक उपकरणांत एकच भिंग प्रकाश टाकते आणि गोळाही करते. त्यामुळे भिंगाची वर्धनक्षमता तीच ठेवून अपर्चर ०.७ ऐवजी १.४ घेतले, तर चित्र सुमारे सोळा पट उजळ होते. म्हणजे पेशीत काहीही न बदलता, केवळ भिंग बदलल्याने प्रथिन वाढल्याचा भास होऊ शकतो! म्हणून भिंगाचे अपर्चर, दिव्याची तीव्रता, फिल्टर आणि कॅमेऱ्याचा एक्स्पोजर यांची नोंद हवी. तुलना करायच्या नमुन्यांसाठी या गोष्टी सारख्याच हव्यात. तरच दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पडताळून पाहता येतो.

आबे यांनी १८८९ मध्ये कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापले आणि कारखान्यातील आपली मालकी त्याला देऊन टाकली. १९०० मध्ये त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला. १४ जानेवारी १९०५ रोजी येना येथे त्यांचे निधन झाले. सूतगिरणी कामगाराच्या या मुलाने भिंगांना गणित दिले आणि कामगारांना उसंत.